जयंतीचे सेल

'पोर्च लाइट' हा अल्बम शुक्रवारी सकाळी आला आणि त्याच दुपारी धर्मेंद्र मास्तरांनी त्यापायी आपला सगळ्यात जुना मित्र तोडला. कुणी म्हणेल, गाण्यापायी मित्र तोडतात का? जमिनीपायी तोडतात, सोयरिकीपायी तोडतात, निवडणुकीत तर सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ फिरवतात. पण धर्मेंद्रला ना जमिनीची हाव, ना राजकारणाची हौस. त्याला वेड एकच होतं, आणि ते अख्ख्या आसगावात दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

नॉर्वेमधल्या पाच जणांचा एक बँड आहे, सॉल्ट मेरिडियन. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात तसलं वाजवतात. म्हणजे गिटारी करवतीसारख्या, एकेक गाणं दहा-बारा मिनिटांचं, ताल मध्येच पाचाचा तर मध्येच सातचा, आणि गाणारा माणूस अर्धा वेळ गातो नि अर्धा वेळ गुरगुरतो. पवनीच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या, रोज आसगावहून मोटारसायकलने जाणाऱ्या आणि सभेत दोन शब्द बोलायचे म्हटले तर घाम फुटणाऱ्या माणसाचं या गुरगुरण्याशी काय नातं, हे त्याच्या बायकोला, सरितालाही, चौदा-पंधरा वर्षांत उमगलं नव्हतं. उमगलं होतं ते फक्त अतुलला. अतुल त्याचा लंगोटीयार, आता पुण्याच्या एका कंपनीत. दोघांचा नेम होता. नवा अल्बम आला की ज्याने त्याने आपापल्या जागी बसून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत सलग ऐकायचा, एकही गाणं ओलांडायचं नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा.

त्या शुक्रवारी धर्मेंद्र पहिल्या दोन मोकळ्या तासिकांना शाळेच्या सायकल स्टँडमागे इयरफोन लावून बसला. आठ वर्षं वाट पाहून आलेला अल्बम. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. माणूस गुरगुरतच नव्हता. गिटारी सौम्य होत्या, गाणी आखूड होती. चौथं तेवढं सातच्या तालातलं गाणं कानात अडकलं, पण तेही त्याला आवडून घ्यायचं नव्हतं. शेवटचं गाणं तर नुसता आवाज आणि एक गिटार. ते आलं आणि तसंच संपलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन लावला.

"मस्त आहे बे," अतुल म्हणाला. "मले तर डोळ्यात पाणी आलं."

"मलेबी आलं. पण दुसऱ्याच कारणानं. हा मानूस आता अंगाई गाऊन राहिला काय? आन् शेवटचं गाणं? बुडते का कुठं ते?"

"सगळ्याच गाण्यानं बुडावं असं कुठं लिहिलं आहे?"

"तू पहिल्या अल्बममधलं 'अँकर' आठव ना. शेवट म्हनजे तसा पाहिजे."

अतुल म्हणाला, "धर्मा, अँकर सोड ना बे आता. वीस वर्षं झाली."

इथे धर्मेंद्रची जीभ घसरली. शाळेत दिवसभर तोंड आवरणाऱ्या माणसांची ती अशीच भलत्या ठिकाणी सुटते. तो म्हणाला, "तुले पुण्यानं कानच नाही ठेवले. एसीत बसून आता असंच गुळगुळीत गोड लागते तुले. तू कधी या बँडचा नव्हताच. माझ्या मागं मागं ऐकत होता."

त्यावर अतुल एवढंच म्हणाला, "कॅसेट कोनी आनली होती बे?" आणि फोन ठेवला. त्यानंतर महिनाभर दोघांपैकी कुणी कुणाला फोन केला नाही.

कॅसेट अतुलनेच आणली होती. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दोघं पवनीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. अतुलचा मावसभाऊ नागपूरला इंजिनीअरिंग शिकायचा. त्याने होस्टेलवर कुणाच्या तरी सीडीवरून 'फॅदम', म्हणजे या बँडचा पहिला अल्बम, कॅसेटवर उतरवून दिला. कॅसेट होती, पण वाजवायची कशावर? अख्ख्या मोहल्ल्यात धड टेप एकच, धर्मेंद्रच्या बापाचा, आनंदरावांचा.

आनंदराव विहाराच्या समितीतले. चौदा एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी सकाळी विहारात भीमगीतं लागायची ती याच टेपवर. टेपची वायर उंदरांनी खाल्ली होती आणि ती बदलायची आनंदरावांना गरज वाटत नव्हती, कारण लाइट तशीही अर्धा दिवस नसायची. टेप चालायचा सहा मोठ्या सेलवर. त्या सेलचा आनंदरावांचा कायदा पक्का होता. जयंतीला नवे सेल. कार्यक्रम झाला की ते काढून फडक्यात गुंडाळून डब्यात. असे दोन-तीन कार्यक्रम झाले, आवाज जरा बसला, की ते सेल पोरांचे.

"भीमगीताले नवे सेल," ते म्हणायचे, "आन् तुमच्या रेकन्याले जुने."

पोरं ते जुने सेल टिनाच्या छपरावर उन्हात वाळत घालायची. तासभर तापले की त्यांच्यात थोडी धुगधुगी यायची. मग परसातल्या निंबाखाली टेप ठेवून दोघं 'फॅदम' लावायचे, आणि सेल प्राण सोडेपर्यंत ऐकायचे. त्या जड, खोल, जमिनीखालून आल्यासारख्या आवाजाने एकोणीस वर्षांचा धर्मेंद्र मुळापासून हलला. घरात रागवायचं नाही, वर्गात बोलायचं नाही, असं सगळं पोटात धरून वाढलेल्या पोराला आपल्यासाठी कुणी तरी गुरगुरतंय असं वाटलं. शेवटचं गाणं 'अँकर'. त्यात गाणं जसजसं पुढे जाई तसतसं संथ होई, खाली खाली उतरे, शेवटी गायकाचा आवाज तळाला जाऊन बसे. नांगर पाण्यात बुडतो तसं अख्खं गाणं बुडायचं. जगात असा शेवट दुसऱ्या कुठल्या गाण्याला नाही, यावर दोघांचं त्या निंबाखाली एकमत झालं.

आतून विमलाबाई, धर्मेंद्रची आई, ओरडायची, "काहून रेकून राहिला बाप्पा तो? कोनी मारलं का त्याले?"

पुढे इंटरनेट आलं. धर्मेंद्रने 'फॅदम' तिथे शोधून ऐकला तर तो भलताच निघाला: पातळ, घाईत असलेला, आणि शेवटी 'अँकर' बुडतच नव्हता. नावाखाली 'रीमास्टर्ड' असं लिहिलेलं होतं, म्हणजे जुनं रेकॉर्डिंग नव्याने घासूनपुसून काढलेलं. झालं. कंपनीने जुनं काम नासवलं, असा निवाडा त्याने जागच्या जागी देऊन टाकला. बँडच्या चाहत्यांच्या एका संकेतस्थळावर तो गेली दहा-बारा वर्षं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लोकांना बजावत आला होता की तुम्ही ऐकता तो खरा 'फॅदम' नाहीच, खरा माझ्याजवळ आहे. लोक हसायचे. त्याला ती असूया वाटायची.

आणि तो त्याच्याजवळ होताही. प्रतिक्षा झाली त्या वर्षी अतुलने पुण्याहून लॅपटॉप आणून त्याच टेपला वायर जोडली आणि कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून घेतली. पोरीच्या बापाला भेट म्हणून. तेव्हापासून ती फाइल धर्मेंद्रच्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवशी जाई. प्रत्येक नवा अल्बम त्याने त्या फाइलशी ताडून पाहिला, आणि प्रत्येक अल्बम थोडा थोडा कमी भरला.

आता ही प्रतिक्षा नववीत होती आणि गिटार शिकत होती. गुरू म्हणजे मोबाइल. आणि बाईसाहेबांना आवडलं काय, तर 'पोर्च लाइट'मधलं चौथं गाणं. घरात दिवसभर तेच. एका रविवारी धर्मेंद्रचा तोल गेला.

"शिकायचं असन तर असली वस्तू शीक," तो म्हणाला आणि फाइल तिला पाठवली. "हा खरा बँड."

ती गिटार घेऊन ओसरीत बसली. जरा वाजवलं, कान लावला, खुंट्या पिळल्या, पुन्हा वाजवलं. तास-दीड तासाने ती धर्मेंद्रजवळ आली.

"बाबा, तुमच्या फाइलीसंगं गिटार जुळूनच नाही राहिली."

"सुरात लाव ना मंग."

"सुरातच आहे. ऑनलाइनवाल्यासंगं बरोबर जुळते. तुमचं गानं दोन सुरांच्या मधात आहे. आन् एका गान्याले खुंट्या उतरवून लावल्या, तर पुढचं गानं त्याच्याहूनबी खाली. शेवटचं तर कुठच्या कुठं गेलं. आन् सगळी गानी लांबबी आहेत."

"ते रीमास्टर केलेलं आहे," धर्मेंद्र सवयीने म्हणाला. "कंपनीनं पळवलं."

"कंपनी पळवन तर सगळी सारखीच पळवन ना बाबा?"

प्रश्न साधा होता आणि गणिताच्या मास्तराला विचारलेला होता. धर्मेंद्रने तिच्या वहीचं मागचं पान घेतलं आणि दोन्हीकडच्या गाण्यांची लांबी शेजारी शेजारी मांडून भागाकार केला. पहिलं गाणं थोडं संथ, दुसरं जरा जास्त, तिसरं अजून जास्त. आकडे पायरीपायरीने उतरत होते, आणि 'अँकर'ला एकदम गडगडत होते. असं कुठलीही कंपनी करत नाही. असं करतात ते सेल. छपरावर उन्हात तापवलेले, संपत आलेले सेल.

तो पेन तसाच धरून बसला. जगातला सगळ्यात सुंदर शेवट नॉर्वेच्या त्या माणसाने रचलाच नव्हता. तो रोज आनंदरावांच्या टेपमध्ये आपोआप घडत होता. त्याला आधी हसू आलं, मग प्रचंड लाज वाटली. ती संकेतस्थळावरची इंग्रजी भांडणं, ती ऐट. आणि या सगळ्याच्या भरवशावर त्याने अतुलला म्हटलं होतं, तुला कानच नाहीत. आता हे अतुलला सांगायचं कोणत्या तोंडाने? न सांगावं तर प्रत्येक वेळी त्याच्याशी बोलताना हे पोटात घेऊन बोलायचं. मुळात तो बोलेल की नाही, हीच शंका होती.

दिवाळी झाली. धान कापणीला आलं, मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा, तोंडावर आली, आणि अतुल गावी आल्याचं कळलं. दर वेळी तो बॅग ठेवायच्या आधी विमलाबाईला भेटायला यायचा. या वेळी दोन दिवस झाले तरी आला नाही.

"अतुल दिसला नाही गा," विमलाबाई म्हणाली. "भांडले का तुमी?"

"नाही."

"मंग जाऊन ये. भांडला नसशील तर जायले काय होते?"

तो गेला. अतुलच्या वडिलांच्या, भैयाजींच्या अंगणात धानाच्या भाऱ्यांची थप्पी लागली होती. भैयाजींनी हातानेच मागच्या बाजूला खुणावलं. परसात खाटेवर अतुल मोबाइल पाहत बसला होता. धर्मेंद्रला पाहून तो उठला नाही, पण पाय मात्र बाजूला घेतले. धर्मेंद्र खाटेच्या कडेला टेकला. वाटेत जुळवून आणलेलं सगळं भाषण विसरला.

"सेल होते बे," तो म्हणाला.

अतुलने मोबाइल खाली ठेवला.

"अँकर बुडत नव्हतं," धर्मेंद्र म्हणाला. "आपले सेल उतरत होते."

"तुले कोनी सांगतलं?"

अतुलने 'काय?' म्हटलं नाही. 'कसं?' म्हटलं नाही. धर्मेंद्र त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला.

"तुले माहीत होतं?"

"पोरगी झाली तुले, तेव्हाचं," अतुल म्हणाला. "तू सानगडीले गेला होता, सरिता वहिनीच्या माहेरी. मी लॅपटॉप घेऊन आलो. म्हटलं, रेकॉर्डिंग होता होता सेल मरतीन, म्हनून काकूजवळून डब्यातले नवे मागतले. लावले. तर गानं धावत सुटलं. मले वाटलं टेप बिघडला. मंग समजलं."

"मंग?"

"मंग काय. काढले नवे. जुने छपरावर टाकले, तापवले, आन् त्याच्यावर उतरवलं. काकू म्हने, हा पोरगा येडा झाला का, नवे सेल काढून जुने टाकते."

"काहून नाही सांगतलं बे मले? इतकी वर्षं मी लोकांसंगं भांडून राहिलो."

"त्या दिवशी बाप झाला होता तू. त्या दिवशी हे कायले सांगू? आन् मंग जसजसे दिवस गेले तसतसं अजूनच जमलं नाही." अतुल खाटेची दोरी बोटाने ओढत राहिला. "आन् खरं सांगू का? मले नव्या सेलवर ते आवडलंच नाही. मीबी तीच फाइल ऐकतो बे. पुन्यात. कंपनीच्या बसमध्ये, रोज. मले तिथं निंबाखाली बसल्यासारखं वाटते."

माझ्या मागं मागं ऐकत होता, हे वाक्य धर्मेंद्रला आठवलं आणि त्याला तिथून उठून जावंसं वाटलं. ज्या गोष्टीवर त्याने स्वतःची मालकी सांगितली होती, ती या माणसाने कॅसेट आणून दिली होती, फाइल करून दिली होती, आणि तिचं गुपित सांभाळून तिला धक्का लागू दिला नव्हता. डोळे भरून आले तसे त्याने ते लपवायची धडपड केली नाही.

"त्या दिवशी फोनवर बोललो ना," तो म्हणाला, "ते चुकलं माझं."

"हो, चुकलं," अतुल म्हणाला. "मले लय लागलं." मग त्याने खाटेखालची बॅग ओढली आणि आतून प्लास्टिकमध्ये बंद असलेली एक कॅसेट काढली. वर 'पोर्च लाइट' लिहिलं होतं. "जुन्या लोकांसाठी थोड्या कॅसेट काढल्या बँडनं. तुझ्यासाठी मागवली होती, अल्बम यायच्या आधीच. मंग तू फोनवर असा बोलला. फेकून देनार होतो."

दोघं चालत घरी आले. अतुलने वाकून विमलाबाईला जय भीम घातला आणि तिने त्याच्या पाठीत एक धपाटा हाणला, दोन दिवस कुठं मेला होता म्हणून. धर्मेंद्रने फळीवरून टेप काढला, धूळ पुसली. आनंदराव जाऊन सहा वर्षं झाली होती आणि विहारात आता ब्लूटूथचा मोठा स्पीकर होता, तरी विमलाबाई दर जयंतीला सकाळी ओसरीत हा टेप लावून नवऱ्याच्या जुन्या कॅसेटी ऐकायची. म्हणून तो चालू होता.

"दोन्ही टॉर्चमधले जुने सेल असतीन ना?" अतुल हसत म्हणाला. "लाव. बुडवू याले."

धर्मेंद्रने एक टॉर्च हातात घेतलीही. मागचं झाकण अर्धं फिरवलं, आणि थांबला.

"नाही," तो म्हणाला. "आई, डब्यातले सेल दे."

विमलाबाई दारात आली. "नवे? आज जयंती हाय का?"

"नाही. पन या गानाऱ्या मानसाले एकदा तरी धड ऐकू दे मले. आतापर्यंत ऐकलंच नाही त्याले."

विमलाबाईने क्षणभर टेपकडे पाहिलं. या घरात जयंतीखेरीज नवे सेल कधी निघाले नव्हते. मग ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेले सेल घेऊन आली. "घ्या," ती म्हणाली. "बुढ्यानं पायलं असतं तर दोघायलेबी हाकललं असतं."

टेप निंबाखाली ठेवला. प्रतिक्षाही गिटार टाकून येऊन बसली. नेमाप्रमाणे कुणी बोललं नाही. दुसरं गाणं धर्मेंद्रला याही वेळी आवडलं नाही. तिसरं तर अगदीच पुळचट वाटलं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चौथ्याला त्याचं बोट आपोआप मांडीवर सात मोजू लागलं. कॅसेट उलटवून दुसरी बाजू लावली. शेवटचं गाणं आलं, तेच, एक आवाज आणि एक गिटार. वरच्या सुराला जाताना तो आवाज जरासा फाटला, आणि त्या माणसाने तो फाटलेलाच ठेवला होता. धर्मेंद्रला पहिल्या ऐकण्यात ते कळलंच नव्हतं, कारण तो तेव्हा बुडण्याची वाट पाहत होता.

"हा तोच का?" विमलाबाई दारातून म्हणाली. "रेकत होता तो?"

"तोच," अतुल म्हणाला.

"म्हातारा झाला वाटते बिचारा."

गाणं संपलं. बुडालं नाही, संथ झालं नाही. त्या माणसाचं म्हणून झालं आणि तो थांबला. टेप रिकामा फिरत राहिला, एकाच गतीने. धर्मेंद्रला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. निंबाखालचा तो खोल आवाज आता जगात कुठेच नव्हता, फक्त दोघांच्या मोबाइलमध्ये होता. आणि हा टेपमधला माणूस, वीस वर्षांत आज पहिल्यांदा भेटलेला, आपल्याइतकाच थकलेला निघाला होता.

"बोल," अतुल म्हणाला.

"तीन गानी बरी आहेत."

"पाच."

"तीन. आन् चौथं."

"चौथं मी म्हनलंच होतं," प्रतिक्षा म्हणाली.

अतुलने नवे सेल काढून फडक्यात गुंडाळायला हात पुढे केला. जयंतीचे सेल होते, डब्यात परत जायला हवे होते. धर्मेंद्रने त्याचा हात बाजूला सारला, कॅसेट उलटवली आणि पहिल्या गाण्यापासून पुन्हा लावली.